शिवी आली की माल पास

पैसे अडकले की माणसाने आठवण करावी आणि आठवण करून भागलं नाही की गप्प बसावं, असा चाकवाल्यांचा आजवरचा शिरस्ता होता. त्या शिरस्त्याप्रमाणे ते या खेपेलाही गप्प बसले असते. पण त्यांच्या शेजारी एक निवृत्त बँक मॅनेजर राहतात, आणि ज्याच्या शेजारी निवृत्त बँक मॅनेजर राहतो त्याला गप्प बसता येत नाही.

चाकवाले म्हणजे ऑफिसातल्या फिरत्या खुर्चीखाली जी पाच चाकं असतात, ती तयार करणारे गृहस्थ. आपण खुर्चीत बसतो, पाठ टेकतो, हात ठेवतो. चाकाकडे कोणी पाहत नाही. चाकाची आठवण येते ती मोडल्यावर. चाकवाल्यांचा स्वभावही धंद्याला साजेसाच झाला होता, म्हणजे खाली राहायचं आणि आवाज करायचा नाही. त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे शेठची खुर्च्यांची कंपनी. दोघं तरुणपणी एकाच कारखान्यात उमेदवारी करत असताना दोघांत मिळून एक स्टूल होतं. त्यावर हा जास्त वेळ बसतो म्हणून चाकवाल्यांनी त्याला ‘शेठ’ हे नाव ठेवलं. पुढे तो खरोखरच शेठ झाला, तो केवळ आपल्याला खोटं पाडायला, असं चाकवाल्यांचं मत होतं. शेठ त्यांना ‘चाक्या’ म्हणे.

या दोघांच्या व्यवहाराची एक रीत होती. नव्या खेपेचं पहिलं खोकं पोचलं की शेठ स्वतः शेडमध्ये येई. एका खुर्चीला नवी चाकं लावायची, शेठने तीत बसायचं, भिंतीला पाय लावायचे आणि द्यायचं स्वतःला ढकलून. कामगार दोन्ही बाजूंना पांगत आणि मधून शेठ शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई. पलीकडच्या भिंतीशी पोचला की तिथेच बसल्या बसल्या तो चाकवाल्यांना फोनवर मेसेज धाडी, आणि त्या मेसेजात शिवी असे. आई-बहिणीवरची नव्हे, शेठ घरंदाज माणूस. पण चाकवाल्यांची अक्कल, त्यांचं टक्कल, त्यांची चाल, यातलं काही सुटत नसे. ही शिवी म्हणजेच मालाची पोच. स्टोअरकीपर विचारी, "शिवी गेली का?" गेली म्हटलं की टेम्पो उतरवून घेत. इकडे चाकवाले मशीन थांबवून फोनकडे बघत बसलेले असत. शिवी वाचायची, तिच्या दीडपट वजनाची शिवी उलट धाडायची आणि मशीन पुन्हा चालू करायचं. इतक्या वर्षांत ‘माल चांगला आहे’ असं शेठने एकदाही म्हटलं नव्हतं, आणि चाकवाल्यांनाही ते कधी ऐकावंसं वाटलं नव्हतं.

मग शेठने कर्ज काढून दुसरी शेड बांधली. कर्जाबरोबर एक फायनान्सवाला आला, जसं नव्या कपाटाबरोबर कुलूप येतं. त्याने पहिल्या आठवड्यातच चाकं तपासायचं यंत्र आणलं आणि कंपनीच्या मालकाने खुर्चीतून गडगडत जाणं हे शिस्तीला धरून नाही, असं लेखी कळवलं. पुरवठादारांशी मालकाने परस्पर बोलायचं नाही, हेही त्यातच होतं. चाकवाल्यांच्या तीन खेपा गेल्या. पैसे आले नाहीत, आणि शिवीही आली नाही.

पैशांचं दुःख चाकवाल्यांना होतंच. मशीनचे हप्ते होते, लेक लग्नाची होती, आणि चाकवाले काही संत नव्हते. पण पैसे नसले तर माणूस हिशेब करत बसतो. इथे चाकवाले नुसतेच बसू लागले. शेठला फोन लावला की तो मीटिंगमध्ये असे. एका दुसऱ्या गिऱ्हाइकाने चाकं घेतली आणि ‘माल समाधानकारक स्थितीत मिळाला’ असं छापील उत्तर पाठवलं, तेव्हा त्यांचा चेहरा एवढासा झाला. फोन ते क्षणभर नजरेआड करीनात.

"तुम्ही पैशांसाठी झुरताय की शेठभाऊजींसाठी?" बायकोने एकदा विचारलंच.

"पैशांसाठी."

"मग फोन आंघोळीला कशाला नेता?"

चाकवाल्यांनी पडेल आवाजात सुचवलं की तिनेच अधूनमधून चार शब्द सुनावले तर बरं वाटेल. बायको म्हणाली, "तेवढ्यासाठी आता वेगळा वेळ काढू का? रोज सुनावते ते कुठे जातं?"

अशा मनःस्थितीत माणूस सल्ला घेतो. मॅनेजरसाहेब तर सल्ला तयार करूनच बसले होते. "नोटीस द्या," ते म्हणाले. "नोटीस म्हणजे काय हो? सही-शिक्क्याची आठवण. तो फायनान्सवाला घाबरेल, पैसे मोकळे होतील, आणि तुमचे शेठ स्वतः फोन करतील बघा."

‘स्वतः फोन करतील’ एवढंच चाकवाल्यांच्या कानात राहिलं.

वकीलबाई मॅनेजरसाहेबांच्या ओळखीच्या. तरतरीत, तोंडात खडीसाखर आणि हातात कायद्याचं पुस्तक. त्यांनी नीट समजावून सांगितलं. दिवाळखोरीच्या कायद्याखाली मागणीची नोटीस द्यायची. मुदतीत पैसे आले नाहीत तर न्यायाधिकरणात अर्ज करायचा. अर्ज मंजूर झाला तर कंपनी मालकाच्या हातून काढून प्रशासकाच्या ताब्यात देतात. "या भीतीने बहुतेक लोक पैसे देऊन टाकतात," असं म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं. चाकवाल्यांनी यातलं शेवटचं वाक्य ऐकलं आणि सही केली. लोक लग्नातही असंच करतात.

नोटीस कंपनीच्या नोंदलेल्या पत्त्यावर पाठवावी लागते. हा पत्ता म्हणजे शेठचं घर, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. पाकीट वहिनींच्या, म्हणजे शेठच्या बायकोच्या, हातात पडलं. वहिनींनी पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि पाकीट न फोडताच चाकवाल्यांच्या बायकोला फोन लावला.

"ठरलं ना लेकीचं? आणि मला पत्रिकेवरून कळतंय होय? मुलगा काय करतो?"

चाकवाल्यांची बायको म्हणाली, "आधी पाकीट तर उघडा." वहिनींनी ते उघडलं. पलीकडून बराच वेळ कागदाचा आवाज आला आणि मग फोन बंद झाला. आता चाकवाल्यांच्या घरात फोनची वाट पाहणारी माणसं दोन झाली. बायकोने नवऱ्याला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि त्यामुळे चाकवाल्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

शेठचा फोन आला नाही. कंपनीचं उत्तर मात्र आलं, चांगलं जाडजूड. पैसे देणं लागत नाही, कारण पुरवठादाराचा माल सदोष होता. त्याबद्दल कंपनीने वेळोवेळी तीव्र तक्रारी केल्या होत्या. सबब हा वाद नोटिशीच्या फार आधीपासूनचा आहे. वाद आधीचा ठरला की दिवाळखोरीचा अर्ज तिथल्या तिथे फेटाळतात, असं वकीलबाईंनी सांगितलं. "पण तक्रारी तर हव्यात ना?" चाकवाले म्हणाले. "शेठने जन्मात कधी तक्रार केलेली नाही."

वकीलबाईंनी जोडपत्रांचा गठ्ठा त्यांच्यासमोर सरकवला. फायनान्सवाल्याने शेठच्या फोनमधल्या सगळ्या शिव्या ओळीने छापून काढल्या होत्या, क्रमांक घालून, प्रत्येक पानावर कंपनीचा शिक्का मारून.

चाकवाले वाचू लागले. ‘चाक्या, तुझी चाकं आणि तुझी अक्कल, दोन्ही जागच्या जागी फिरतात.’ ‘ठोंब्या, या खेपेची चाकं इतकी गोल आहेत की कुठून चोरलीस ते सांग.’ ‘असली चाकं लावून खुर्ची विकली तर गिऱ्हाईक मला जोड्याने मारेल. उरलेला माल उद्याच पाठव.’ वकीलबाई काळजीने त्यांच्याकडे बघत होत्या, आणि हा गृहस्थ मांडीवर हात मारून हसत होता. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी विचारलं, "ही कागदपत्रं मला घरी नेता येतील का?"

"प्रत तुमचीच आहे," वकीलबाई म्हणाल्या. "पण काका, हे तुमच्या विरुद्ध आहे."

"असू द्या," चाकवाले म्हणाले आणि गठ्ठा छातीशी धरून घरी आले.

न्यायाधिकरणात दोन जण बसतात. एक अध्यक्ष, वयस्कर आणि ओठ घट्ट मिटून ऐकणारे. दुसऱ्या सदस्या, हिशेबाच्या बाजूने आलेल्या, ज्यांना प्रत्येक गोष्टीची व्याख्या लागते. कंपनीच्या वकिलांनी शिव्या वाचायला सुरुवात केली. त्यांचा आवाज इतका धीरगंभीर होता की ‘टकल्या’ हा शब्दसुद्धा कुठल्याशा कलमातला वाटावा. ‘कुठून चोरलीस’ यावर त्यांनी मालाच्या उगमाबद्दल गंभीर संशय घेतला. ‘बसल्याबरोबर कुरकुर ऐकू आली’ हे वाचून ते थांबले. पुढचं वाक्य वकीलबाईंना उठून वाचावं लागलं: ‘मग लक्षात आलं, ती माझ्या गुडघ्यांची होती.’

"यात ठोंब्या हा शब्द आहे," सदस्यांनी विचारलं. "तो मालाला उद्देशून आहे की पुरवठादाराला?"

"पुरवठादाराला," वकीलबाई म्हणाल्या. "मालाला उद्देशून एकही अपशब्द नाही, हेच आमचं म्हणणं आहे."

"उलट," कंपनीचे वकील म्हणाले, "पुरवठादाराने उत्तरात जबाबदारी झटकली आहे. त्यांनी लिहिलं आहे, ‘माणूस खुर्चीत मावत नसेल तर चाकाला बोल लावू नये.’"

अध्यक्षांना खोकला आला. सदस्यांच्या कानाशी काही बोलायला त्यांनी खुर्ची मागे घेतली. ती अजिबात आवाज न करता मागे गेली, डौलाने वळली आणि थांबली. चाकवाले इतका वेळ कोपऱ्यात बसून ऐकत होते. चाळीस मुलांत आपलं मूल ओळखावं तसं त्यांनी चाक ओळखलं. वकीलबाईंनी सदरा ओढेपर्यंत ते उभे राहिलेही होते.

"साहेब, आपण बसलात ती खुर्ची शेठची आहे," ते म्हणाले. "आणि चाकं माझी आहेत."

अध्यक्ष वाकून खाली पाहू लागले. सदस्यांनीही पाहिलं. चाकवाल्यांना वाटलं, झालं, निकाल लागला. पण कंपनीचे वकील ताडकन उठले. वादग्रस्त मालावर बसून त्याच मालाच्या वादाचा निकाल देणं न्यायाला धरून होईल काय, असा त्यांचा सवाल होता. अर्धा तास याच मुद्द्यावर गेला. अखेर सुनावणी तहकूब झाली आणि दोघांसाठीही चाकं नसलेल्या खुर्च्या मागवण्याचा हुकूम निघाला. पुढच्या तारखेला रेकॉर्डरूममधल्या दोन लाकडी खुर्च्या येऊन पडल्या होत्या. सदस्यांनी घरून उशी आणली होती, अध्यक्षांनी आणली नव्हती, आणि त्या दिवशी कोणाचंही काम धड झालं नाही. मॅनेजरसाहेबांच्या मते चाकवाल्यांनी हातची केस घालवली होती. ते हे जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगत.

त्या बिनचाकाच्या खुर्चीवर बसूनच अध्यक्षांनी विचारलं की हे मेसेज कोणी लिहिले आहेत. कंपनीच्या मालकांनी, असं कळल्यावर ते म्हणाले, "मग त्यांनाच येऊन सांगू द्या. तक्रार होती की थट्टा, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक."

त्या आठवड्यात चाकवाल्यांची अवस्था बघवत नव्हती. त्यांनी वकीलबाईंना पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. शेठ ‘तक्रार’ म्हणाला तर काय? तर अर्ज फेटाळणार, पैसे लांबणार, आणि चाकवाले सदोष माल देतात हे कायमचं कागदावर राहणार. आणि ‘थट्टा’ म्हणाला तर? तर वाद नव्हताच असं ठरणार, अर्ज मंजूर होणार, आणि शेठला आपल्याच कंपनीतून बाहेर पडावं लागणार.

"मी अर्ज मागे घेतला तर?"

"तर तुमच्या मागे रांगेत शेठला कर्ज देणारी बँक उभी आहे. तिचा अर्ज तयार आहे. फक्त तुमच्यावरचा डाग तेवढा राहील."

"तिसरं काही नाही का?"

"कायद्यात नाही," वकीलबाई म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटलेलं दिसलं.

चाकवाले घरी येऊन गठ्ठा उघडत आणि मधलं एखादं पान काढून वाचत बसत. त्यांना पैसे हवे होते, नाव हवं होतं, ते सगळं खरं. पण सगळ्यात जास्त काय हवं होतं ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. त्यांना वाटत होतं की शेठने भर न्यायाधिकरणात उभं राहावं, त्यांच्याकडे बोट दाखवावं आणि म्हणावं, ‘साहेब, या गाढवाला नोटीस लिहिता येत नाही, ती दुसऱ्याने लिहून दिलीय.’ मग पुढे काय व्हायचं ते होवो. हे वाक्य त्यांनी शेठच्या आवाजात मनातल्या मनात किती वेळा ऐकलं, त्याला गणती नाही.

शेठ आला. सदऱ्याच्या कॉलरमध्ये मान सैल झाली होती. शेजारी फायनान्सवाला बसून त्याच्या कानात एकच शब्द पढवत होता. शेठने इकडेतिकडे पाहिलं नाही. नाव पुकारल्यावर तो उठला आणि दोन्ही हात पुढच्या कठड्यावर ठेवून उभा राहिला.

अध्यक्षांनी विचारलं, "हे आपण लिहिलंत?"

"हो."

"ही मालाबद्दलची तक्रार होती का?"

फायनान्सवाल्याने ओठांनी तो शब्द पुन्हा करून दाखवला. चाकवाले पुढे वाकून बसले होते.

"नाही, साहेब," शेठ म्हणाला. "यांचा माल कायम उत्तम होता. एकही चाक कधी परत गेलं नाही. आम्हीच पैसे देऊ शकलो नाही."

फायनान्सवाल्याने डोक्याला हात लावला. वकीलबाईंनी चाकवाल्यांच्या हातावर हलकेच थोपटलं. पुढचं सगळं भराभर झालं. वाद नव्हता, देणं होतं, अर्ज मंजूर. त्याच दिवसापासून कंपनीचा कारभार प्रशासकाकडे आणि मालकांचे अधिकार स्थगित. चाकवाल्यांचं देणं यादीत लागलं, बँकेच्या खाली. म्हणजे बँकेचं पोट भरल्यावर ताटात काही उरलंच तर ते यांचं. वकीलबाईंच्या मते हा मोठा विजय होता, आणि कायद्याच्या दृष्टीने तो होताही.

बाहेरच्या लांब बोळात शेठ एकटाच भिंतीशी उभा होता. फायनान्सवाला फोनवर बोलत निघून गेला होता. चाकवाले शेठपाशी जाऊन उभे राहिले. आत्ता काहीतरी बोलेल, असं त्यांना वाटत होतं. मग त्यांनीच सुरुवात केली.

"काय रे शेठ, ही मान आहे की कोंबडीची तंगडी? सदरा तरी मापाचा घालायचास." शब्द चांगले जोरकस होते. असा वार शेठने आजवर कधी उसना ठेवलेला नव्हता.

शेठने गळ्यापाशी हात नेला. "हो," तो म्हणाला. "वजन जरा उतरलंय खरं."

मग तो किंचित हसला, पाहुण्याकडे बघून हसावं तेवढंच. "निकालाची प्रत मागून घ्या तुम्ही. माल उत्तम होता असं त्यात लिहून येईल. नव्या गिऱ्हाइकांना दाखवायला उपयोगी पडेल. खरंच उत्तम होता तुमचा माल." त्याने हात जोडले. "बराय. येतो मी."

तो जिन्याकडे गेला. चाकवाल्यांना त्याच्यामागे धावत जावंसं वाटलं, पण धावत जाऊन काय म्हणायचं ते सुचलं नाही. तो दिसेनासा होईपर्यंत ते बघत राहिले.

घरी दार बायकोने उघडलं. मॅनेजरसाहेब अभिनंदनाला येऊन बसले होते. त्यांना तिने पाणी दिलं आणि गोड बोलून वाटेला लावलं. मग ती वळली.

"काय झालं?"

"जिंकलो."

"आणि भाऊजी? काही बोलले का?"

"बोलला ना. माल उत्तम होता म्हणाला. आत एकदा म्हणाला, मग बाहेर येऊन पुन्हा म्हणाला."

बायको येऊन त्यांच्या शेजारी बसली.

"इतकं तोडून बोलले?" ती म्हणाली.

चाकवाल्यांनी मान हलवली, आणि मग त्यांना ती वर करता येईना.